शिबिरात भाकऱ्या कोणी थापल्या?

उल्हासनगरात 'कॅम्प' हा शब्द पत्ता सांगायला वापरतात. कॅम्प एक, कॅम्प तीन, कॅम्प पाच. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी बराकी उभारल्या गेल्या, फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. नाव बदललं तरी कॅम्प लोकांच्या तोंडातून गेला नाही. त्यामुळे आमच्या गटातल्या एका मैत्रिणीची मुलगी घरी जाऊन म्हणाली, "मला कॅम्पला जायचंय," तेव्हा आजी सहज बोलून गेली, "अगं, आपण कॅम्पातच तर राहतो!"

पोरीला जायचं होतं युरोपातल्या एका खेड्यात. दोन आठवडे. आठ-दहा देशांतली पंधराएक मुलं-मुली एकत्र राहणार, गावातली पडकी दगडी भिंत आणि पायवाट दुरुस्त करणार. मजुरी नाही. राहण्या-जेवणाची सोय तिथली संस्था आणि गाव बघणार, प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा. याला 'वर्क कॅम्प' म्हणतात. आपल्या भाषेत श्रमदान शिबिर.

हा विषय आमच्या शनिवारच्या बैठकीत आला आणि पुढच्या दोन बैठका दुसरं काही बोलणंच झालं नाही. एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, "रेशन, पाणी, नवऱ्याची मारहाण हे आपले विषय. विमानात बसून दगड उचलायला जाणं हा काय आपला विषय झाला?" खरं सांगते, सुरुवातीला मलाही तसंच वाटलं होतं. आज वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगण्यासाठीच या अंकाचं हे संपादकीय.

आधी थोडा इतिहास, कारण तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या व्हर्दँच्या परिसरात गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. पिएर सेरेसोल नावाचा एक स्विस इंजिनीयर १९२० साली तिथल्या एन नावाच्या खेड्यात काही साथीदार घेऊन गेला. त्यांत जर्मनही होते. कालपर्यंत ज्यांच्या सैन्याने गावं उद्ध्वस्त केली त्यांच्यातलेच काही जण हातात फावडी घेऊन घरं आणि रस्ते नीट करायला आले होते. सगळ्यांनाच ते रुचलं नाही आणि १९२१ मध्ये काम आवरतं घ्यावं लागलं. पण त्यातूनच 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना उभी राहिली. सेरेसोल यांचं म्हणणं साधं होतं. लष्करी सेवा सक्तीची असेल, तर तिला पर्याय म्हणून माणसाला बांधकामाची, मदतीची सेवा करता आली पाहिजे. गांधीजी १९३१ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडला रोमां रोलां यांच्याकडे गेले, तेव्हा सेरेसोल त्यांना भेटले. जानेवारी १९३४ मध्ये बिहारमध्ये मोठा भूकंप झाल्यावर ते स्वतः भारतात आले आणि पुढची काही वर्षं त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी तिथली खेडी पुन्हा वसवायला मदत केली.

महाराष्ट्रातही ही माणसं येऊन गेली. १९५० च्या दशकात या संघटनेचे परदेशी स्वयंसेवक वरोऱ्याजवळ आनंदवनात राहिले, कुष्ठरोग्यांच्या बरोबरीने त्यांनी बांधकाम केलं. ज्या वस्तीकडे आपली माणसं पाठ फिरवून चालत होती, तिथे परक्या देशातली तरुण मुलं जेवत-झोपत आहेत, हे बघून आसपासच्या लोकांची भीती कमी व्हायला मदत झाली. एका भिंतीपेक्षा हे काम मोठं होतं. पुढे बाबा आमट्यांनी सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी तरुण-तरुणींनी भर उन्हाळ्यात तिथे घाम गाळला.

हा सगळा इतिहास अभिमानाचा आहे. मात्र इतिहास वाचताना आपण बायकांनी एक प्रश्न विचारायची सवय लावून घेतली पाहिजे. दिवसभर माती उपसून आलेल्या या सगळ्यांना जेवायला कोणी वाढलं?

युरोपातल्या त्या सुरुवातीच्या शिबिरांत बायका होत्या. त्यांना 'भगिनी' म्हणत. रांधणं, कपडे धुणं, फाटलेलं शिवणं ही कामं त्यांच्याकडे असत आणि फावडं पुरुषांकडे. शांततेचं एवढं क्रांतिकारक स्वप्न पाहणाऱ्यांनाही चूल कोणाची हा प्रश्न पडला नव्हता. तरी त्याच चळवळीत एलेन मोनास्तिए नावाची लोझानची शिक्षिका होती. तिचा पाय लहानपणापासून अधू होता. सेरेसोल यांच्याबरोबरीने तिने हे काम वाढवलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती संघटनेची आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाली. सेरेसोल यांचं नाव पुष्कळ जणांना माहीत असतं, तिचं फार थोड्यांना. आनंदवनाचंही तसंच. साधनाताईंनी 'समिधा' लिहिलं म्हणून त्या दिवसांची त्यांच्या बाजूची हकीकत आपल्यापर्यंत पोचली. न लिहिणाऱ्या कितीजणी असतील!

दूरचं कशाला, माझंच सांगते. कॉलेजात असताना मी एका खेड्यात दहा दिवसांच्या श्रमदान शिबिराला गेले होते. बांध घालायचा होता. पहिल्या दिवशी आम्हा मुलींच्याही हातात घमेली दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला उशीर झाला आणि तिसऱ्या दिवसापासून आम्ही सातजणी चुलीशी. कोणी हुकूम सोडला नाही. "तुम्हाला सवय आहे, पटापट होईल," एवढंच म्हणाले. पहाटे पाचला उठून आम्ही साठ माणसांच्या भाकऱ्या थापत होतो. चुलीशी बसायलासुद्धा सगळ्या मुलींना सारखं बोलावणं नव्हतं. कोणाच्या हातचं कोण खाईल, हे गावात आम्ही पाऊल ठेवायच्या आधीच ठरलेलं होतं आणि संडासाकडची सफाई कोणाच्या वाट्याला आली तेही मी विसरलेले नाही. शिबिराचा अहवाल छापून आला. बांध किती लांब, किती रुंद, किती उंच, सगळं होतं. भाकऱ्यांचा आकडा त्यात नव्हता. कुदळ खांद्यावर घेतलेल्या मुलांचा फोटो होता. आम्ही त्यात नव्हतो, कारण फोटो काढला तेव्हा आम्ही भांडी घासत होतो.

म्हणूनच या मुलीने जायचा हट्ट धरला तेव्हा मी तिला पहिला प्रश्न विचारला, "तिथे स्वयंपाक कोण करतं?" ती म्हणाली, "मावशी, पाळी असते. रोज दोघं-तिघं. मुलं असोत की मुली." मी मनात म्हटलं, बघू या.

तिला तिथवर पोचवणं हीच एक लढाई होती. ती राष्ट्रीय सेवा योजनेत होती. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेचं हिवाळी शिबिर सात दिवसांचं असतं, आणि आपल्याकडच्या कितीतरी मुलींच्या आयुष्यात घराबाहेर मुक्काम करण्याची ती पहिली वेळ असते. कॉलेजचं पत्र आणि बाईंचा शब्द, एवढ्यावर घरचे कसेबसे तयार होतात. इथे तर परका देश. त्यात भर पडली होती ती आपल्या भागातल्या वातावरणाची. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराची बातमी बाहेर आली, लोक चिडून स्टेशनात उतरले आणि २० ऑगस्टला गाड्या तासन् तास बंद पडल्या. तो राग खरा होता, आपलाही होता. पण पुढच्या महिन्यांत आमच्या बैठकांना येणाऱ्या मुली काय सांगत होत्या? क्लास बंद केला. संध्याकाळी सातच्या आत घरी. मैत्रिणीकडे अभ्यासाला जायचं नाही. गुन्हा करणारा कोणी वेगळाच, आणि बंदोबस्त मुलींचा! शाळा सुरक्षित करा, रस्ते सुरक्षित करा ही मागणी अवघड असते. त्यापेक्षा मुलीला घरात बसवणं सोपं. अशा दिवसांत "मी दोन आठवडे परदेशी जाते" म्हणणं म्हणजे काय, हे अंबरनाथ-बदलापूरच्या लोकलमधल्या प्रत्येकीला कळेल.

तेव्हा मी बैठकीत आनंदीबाईंची आठवण काढली. आनंदीबाई जोशी आपल्या शेजारच्या कल्याणच्या. १८८३ साली, अठराव्या वर्षी, एकटीने समुद्र ओलांडून डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या. निघण्यापूर्वी त्यांना बंगालमध्ये श्रीरामपूरला लोकांसमोर उभं राहून आपण का जातो याचा खुलासा करावा लागला होता. एवढी वर्षं लोटली, तरी बाई निघाली की खुलासा द्यावाच लागतो.

मग कागदपत्रं. पासपोर्टबद्दल आपल्या बायकांमध्ये बरेच गैरसमज आहेत, म्हणून इथे नोंदवून ठेवते. डिसेंबर २०१६ मध्ये बदललेल्या नियमांनुसार अर्जात आई किंवा वडील, एकाचंच नाव दिलं तरी चालतं. विवाहितेला लग्नाचा दाखला जोडावा लागत नाही. घटस्फोटितेवर नवऱ्याचं नाव लिहिण्याची सक्ती नाही. हे बदल असेच झाले नाहीत. एकट्याने मुलं वाढवणाऱ्या बायकांनी वर्षानुवर्षं खिडक्यांवर हुज्जत घातली, त्याचं ते फळ आहे. परित्यक्ता मैत्रिणींनी हे कात्रण जपून ठेवावं.

पासपोर्टचं जमलं, व्हिसाशी गाडी अडली. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसाची फी जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोचा प्रवासी विमा लागतो. शिवाय बँकेचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, परत येणार याची खात्री. आता बघा, हिची आई घरी बसून जीन्सचं धागा कटिंग करते. दुपारी गठ्ठा येतो, रात्री मोजून जातो, पैसे हातावर नगावर मिळतात. तीस वर्षं काम करणाऱ्या या बाईकडे आपण काम करतो हे सिद्ध करणारा एकही कागद नाही. पोरीने शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे, आईची भिशी आणि आमच्या गटाने बिनव्याजी दिलेली रक्कम, असं करून खात्यात आकडा दिसला. उलट, तिकडचं कोणी इकडे यायचं म्हटलं तर आपल्या पर्यटक ई-व्हिसावर महिनाभरापर्यंतचं बिनमोबदल्याचं स्वयंसेवी काम करता येतं. आंतरराष्ट्रीय मैत्रीच्या गप्पा मारताना हा फरक विसरता येत नाही. त्यांच्या तरुणांची इच्छा पुरते, आपल्या तरुणीला इच्छेबरोबर पुरावा द्यावा लागतो.

असो. ती गेली आणि आलीही. आल्यावर बैठकीत तासभर बोलली.

भिंतीचं काम कठीण होतं. दगड निवडायचा, फिरवून बघायचा, बसवायचा, सिमेंट नाही. चौथ्या दिवशी तिला ते जमू लागलं. आपल्या हातांनी काही बांधलंय आणि ते उभं राहिलंय, याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर अजून होता. जेवणाची पाळी खरोखरच होती, भिंतीवर तक्ता लावलेला. संडास धुण्याची पाळीही होती आणि त्या तक्त्यात सगळ्यांचीच नावं होती, शिबिरप्रमुखाचंसुद्धा. एक उंचापुरा मुलगा रोज गाणी म्हणत कढया घासायचा. "मावशी, कोणी त्याला शाबास म्हणत नव्हतं. पाळी होती, एवढंच," ती म्हणाली. हे वाक्य मला फार आवडलं. आपल्याकडे पुरुषाने एक कप विसळला तरी आळीत बातमी होते.

पण सगळं गोड नव्हतं. ती भारतातली, म्हणून "आज तू तुमच्याकडचं काहीतरी कर ना" असा आग्रह व्हायचा. पहिल्यांदा तिने हौसेने केलं. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा लक्षात आलं की जिच्यापासून दोन आठवडे सुटका म्हणून आपण सात समुद्र ओलांडले, ती फोडणी इथेही आपली वाट बघत होती. तिने सांगितलं, "आज माझी पाळी भिंतीवर आहे." कोणी रागावलं नाही. तिने पहिल्यांदाच कुणाला नाही म्हटलं आणि आकाश कोसळलं नाही. हा अनुभव घेण्यासाठी युरोपला जावं लागावं याचं वाईट वाटतं, पण अनुभव लाखमोलाचा. इंग्रजी बेताचं, म्हणून सुरुवातीला चर्चेत ती गप्प बसायची, तेव्हा ज्यांना इंग्रजी येतं त्यांचीच मतं सगळ्यांची मतं म्हणून लिहिली जात. हेही तिने न घाबरता सांगितलं.

घरी परतल्यावर तिने स्वयंपाकघराच्या दारावर तसाच तक्ता लावला. पाणी भरणं, भाजी, पोळ्या, भांडी, संडास. चार माणसं, चार नावं. भाऊ हसला. वडिलांनी वाचलं, काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तक्ता गायब. काढला कोणी? आईने.

मुलगी चिडली. बैठकीत आईला विचारलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू तिकडे भिंत बांधत होतीस ना, तेव्हा इकडे तुझ्या वाटचं पाणीही मीच भरलं. तुझ्या बापाने नाही, भावाने नाही. रात्री एकपर्यंत धागे कापले, तुझी राखीव वेळ भरून काढायला. तक्ता लावलास, दोन दिवस कोणी हलले नाही, तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या नावापुढचं काम मीच केलं. वर तो कागद रोज मला हसत होता. म्हणून काढला."

खोलीत कोणी बोललं नाही. आपण सगळ्यांनी मिळून त्या मुलीला पाठवलं होतं. पैसे गोळा केले, कागद भरले, तिच्या वडिलांना समजावलं. पण तिच्या घरातली रोजची कामं दोन आठवडे कोण करणार, हा प्रश्न आपल्यापैकी कोणीच विचारला नव्हता. एका बाईचं पाऊल पुढे पडलं आणि त्याची किंमत दुसऱ्या बाईच्या झोपेतून वसूल झाली. मी 'स्वयंपाक कोण करतं' असं शिबिराबद्दल विचारलं, घराबद्दल विचारायला विसरले.

हा एका घरापुरता प्रश्न नाही. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाप्रमाणे घरातलं बिनमोबदल्याचं काम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात. पुरुष हे काम करतो तेव्हा त्याची ८८ मिनिटं. २०१९ च्या सर्वेक्षणात हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली, तर पुरुषाचीही नऊ झाली. आता गणित करा. रोजची २८९ मिनिटं म्हणजे आठवड्याला तेहतीस तासांच्या वर. वर्क कॅम्पात साधारण दिवसाला पाच-सहा तास, आठवड्याला तीसएक तास काम असतं. म्हणजे आपल्या घरातली बाई वर्षाचे बावन्न आठवडे वर्क कॅम्पात असते. फरक एवढाच की तिथे संध्याकाळी सहल असते, शेवटी प्रमाणपत्र मिळतं आणि ठरल्या दिवशी घरी जाता येतं. शिवाय तिथे आपण आपल्या मर्जीने गेलेलो असतो. स्वयंसेवा या शब्दातलं 'स्वयं' तेच. मर्जी नसेल तर ती सेवा नव्हे, वेठ.

काही मैत्रिणी म्हणतील, मग कशाला हवं हे शिबिरांचं खूळ? या शिबिरांवर टीका करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ती आपण केलीच पाहिजे. दोन आठवड्यांत कोणाचं दारिद्र्य हटत नाही. जे काम गावातल्या गवंड्याला मजुरी देऊन करून घ्यायला हवं, ते फुकटच्या हातांकडून करून घेतलं तर गवंड्याच्या पोटावर पाय येतो. नेपाळ आणि कंबोडियात तर परदेशी स्वयंसेवक पैसे मोजून येतात म्हणून अनाथाश्रम वाढले आणि आईबाप असलेली मुलं अनाथ म्हणून तिथे ठेवली गेली, हे उघड झालं आहे. मुलांच्या संस्थेत कोणीही पाहुणा चार दिवस येतो, मुलांना जीव लावतो, निघून जातो. त्याची चौकशी कोणी केलेली नसते. बदलापूरच्या घटनेनंतर तरी आपण हे चालवून घेता कामा नये. देशी असो वा परदेशी, मुलांजवळ जाणाऱ्या प्रत्येकाची पडताळणी झालीच पाहिजे.

तरीही मी म्हणते, आपल्या मुलींनी जावं. जगाची ओळख करून घ्यायचा हक्क फक्त नोकरीवाल्या आणि पैसेवाल्या घरांचा नाही. परक्यांच्या देशात कष्टकरी म्हणून, बरोबरीने उभं राहणं हे पर्यटनापेक्षा वेगळं आहे. आणि मदत करणारे नेहमी गोरे, मदत घेणारे नेहमी आपण, हे चित्र आपल्या पोरीने तिथली भिंत बांधून थोडं तरी उलटं केलं. पण जाताना डोळे उघडे हवेत. विचारायचे प्रश्न हे:

शिबिर घेणारी संस्था कोणती, आणि तिथे आधी गेलेल्या एखाद्या मुलीशी बोलता येईल का? काम नेमकं काय, दिवसाला किती तास, सुट्टी कधी? झोपायची सोय कशी, मुलींची वेगळी खोली आहे का? न्हाणी-संडासाला आतून कडी आहे का? शिबिरप्रमुखांत बाई आहे का, आणि तक्रार झाली तर कोणाकडे करायची? स्वयंपाक आणि सफाईच्या पाळीत सगळ्यांची नावं आहेत का? परतीचं तिकीट आपल्या हातात आहे का? पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात द्यायचा नाही, संस्थेच्याही नाही. त्या देशातल्या भारतीय वकिलातीचा फोन नंबर कागदावर लिहून जवळ ठेवायचा. आणि कोणी 'स्वयंसेवा' म्हणत म्हणत नोकरीचं, पगाराचं आमिष दाखवू लागला, घरकामाच्या किंवा म्हाताऱ्यांच्या देखभालीच्या जागेसाठी पैसे मागू लागला, तर तो एजंट आहे, तिथेच थांबायचं. या मार्गाने बायका विकल्या जातात, हे आपण पुरेसं पाहिलेलं आहे.

आपल्या देशातल्या शिबिरांबाबत आणखी एक. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात मोबदला न घेता, स्वेच्छेने काम करणारी व्यक्तीही 'कर्मचारी' या व्याख्येत येते. म्हणजे शिबिरात आलेली स्वयंसेविका "तू काय नोकर नाहीस" म्हणून वाऱ्यावर सोडता येत नाही. दहा किंवा अधिक माणसं काम करत असलेल्या संस्थेत तक्रार समिती हवी. शिबिराला मुली पाठवताना कॉलेजांना, संस्थांना हे विचारा. आपल्या संघटनांनाही विचारा, आपणही सुटलेलो नाही.

आता आमचं ठरलं आहे ते सांगते. येत्या दिवाळीच्या सुट्टीत बदलापूरजवळ आम्ही पाच दिवसांचं शिबिर घेणार आहोत. कॉलेजच्या मुली येतील, मुलगेही येतील. काम साधं आहे. वस्तीतल्या सार्वजनिक संडासांची आणि नळांची मोजणी करायची, कुठे दिवा नाही, कुठे कडी नाही ते टिपून नगरपालिकेकडे न्यायचं. स्वयंपाक, भांडी, सफाई सगळ्यांच्या पाळीने. जात विचारून काम वाटलं जाणार नाही, आणि कोणी ताटावरून उठला तर तो घरी जाईल, स्वयंपाक करणारी नाही. अहवालात भाकऱ्यांचा आकडा छापला जाईल.

आणि एक अट आहे, ती या सगळ्यांत महत्त्वाची. शिबिराला येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या घरी आमच्या दोघीजणी आधी जाऊन बसतील. ती पाच दिवस नसताना पाणी कोण भरेल, पोळ्या कोण करेल, धाकट्याला शाळेत कोण सोडेल, हे घरातल्या पुरुषांशी बोलून ठरवतील. आईने "मी करीन" म्हटलं तर ते उत्तर धरलं जाणार नाही. शिबिर संपल्यावर पुन्हा जाऊन चौकशी होईल, आणि ती आईकडे होईल, पुरुषांकडे नाही. आमच्यातल्या काहींना ही अट जाचक वाटते. त्या म्हणतात, यामुळे मुलींना घरून नकार येईल. येईलही. पण एकीची रजा दुसरीच्या माथी मारून आपण किती दिवस पुढे जाणार?

ती मुलगी आता काय करते, असं तुम्ही विचाराल. तक्ता पुन्हा लावलेला नाही. भावाला मात्र तिने सांगून टाकलं आहे, रात्रीचं पाणी तुझं. दोन रात्री पिंप रिकामं राहिलं. आईचा हात सारखा हंड्याकडे जात होता, तिने तो धरून ठेवला. तिसऱ्या रात्री भाऊ उठला. आई सांगत होती, "मी जागीच होते, पण उठले नाही." परदेशातली ती भिंत किती वर्षं टिकेल, मला माहीत नाही. आईचं ते न उठणं टिकावं, असं वाटतं.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात कोणी अशा शिबिरांना गेलं असेल, इथे किंवा परदेशी, तर आम्हाला लिहा. काय बांधलंत ते लिहाच, पण त्या दिवसांत तुमच्या घरी चूल कोणी पेटवली, तेही लिहा. पुढच्या अंकात पत्रं छापू.

आपली,
संपादक मंडळाच्या वतीने